जुन्या स्कीच्या जागी नवी ऑल-माउंटन स्की निवडताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून दर हिवाळ्यात गुलमर्ग अथवा औलीला जाणाऱ्या स्कीपटूला नवी ऑल-माउंटन स्की, म्हणजे डोंगरावरच्या सर्व प्रकारच्या बर्फावर चालणारी स्की, घ्यायची असते, तेव्हा त्याची अडचण श्रीनगर किंवा मनालीच्या माणसापेक्षा वेगळी असते. आपल्या भागात स्कीचे दुकान नाही, हातात घेऊन वाकवून पाहता येईल असा नमुना नाही आणि दोन शब्द विचारावेत असा कारागीरही जवळ नाही. मोबाइलच्या पडद्यावर आकडे दिसतात, त्यांच्याखाली प्रत्येक कंपनीचे सारखेच गोडवे असतात आणि तेवढ्यावर मोठी रक्कम खर्च करायची असते. म्हणून त्या आकड्यांचा अर्थ आधी नीट समजून घेणे गरजेचे आहे, आणि त्यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे आपल्याकडे असलेली जुनी जोडी. तिच्यावर आपण अनेक दिवस घसरलो आहोत, ती कुठे साथ देते आणि कुठे दगा देते हे पायांना माहीत आहे. तेव्हा नव्या स्कीची जाहिरात वाचण्याआधी जुन्या स्कीवरचे आकडे कागदावर उतरवावेत, हे माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे.

हे आकडे बहुतेक स्कींवर मागच्या टोकाजवळ किंवा बाजूला छापलेले असतात. समजा तिथे १७०, नंतर ११२-७२-१०१ आणि शेवटी १६ मी. असे लिहिले आहे. पहिला आकडा स्कीची लांबी सेंटिमीटरमध्ये देतो. पुढचे तीन आकडे अनुक्रमे पुढचे टोक, कंबर (मधला अरुंद भाग) आणि मागचे टोक यांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. शेवटचा आकडा म्हणजे स्की कडेवर कलवली असता ती स्वभावतः ज्या वर्तुळात वळू पाहते, त्याची त्रिज्या. या पाच आकड्यांखाली आणखी एक ओळ स्वतःची लिहावी: ही जोडी कुठल्या बर्फावर आपल्याला थकवते किंवा घाबरवते. नवी स्की याच एका तक्रारीचे उत्तर असली पाहिजे. बाकी सगळे आकडे जुन्याच्या शक्य तितके जवळ ठेवले, तर नव्या जोडीशी जुळवून घेण्यात मोजक्या सुट्टीतले दोन-तीन दिवस वाया जात नाहीत.

मात्र जुनी जोडी खरोखरच निकामी झाली आहे का, हे आधी तपासावे. खान्देशात स्की वापरामुळे जितकी झिजते, त्याहून अधिक ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खराब होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद मोटारीच्या डिकीत त्याहूनही जास्त तापते. स्की म्हणजे लाकडाचा गाभा, काचतंतूंचे थर, कधी धातूचा पत्रा, खाली पॉलिइथिलीनचा तळ आणि दोन्ही बाजूंना पोलादी कड हे सारे इपॉक्सी गोंदाने दाबून चिकटवलेले असते. हे थर उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे वर्षानुवर्षे तापून-निवून गोंदाची पकड सैल होऊ शकते. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते आणि पोलादी कडेवर गंज चढतो.

तपासणी घरीच करता येते. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. कॅम्बर, म्हणजे मध्यभागी वर उचललेला बाक, असलेल्या स्कींमध्ये मधोमध फट दिसते आणि हाताने दाबल्यावर ती मिटते. फट अजिबात उरली नसेल, किंवा एका स्कीचा बाक दुसरीपेक्षा स्पष्टपणे वेगळा असेल, तर तिची उसळी संपली आहे असे समजावे. मग टोकांजवळ आणि कडांच्या बाजूने नख फिरवावे. थर सुटलेले असतील तर तिथे भेग लागते, आणि अशी भेग एकदा पडली की तिच्यातून पाणी गाभ्यापर्यंत जाते. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या यंत्राचे, स्क्रू हलतात का ते पाहावे. स्क्रू फिरूनही घट्ट बसत नसतील तर आतले लाकूड कुजलेले असण्याची शक्यता असते. याउलट तळ पांढुरका आणि कोरडा दिसणे किंवा कडेवर वरवरचा तांबूस गंज असणे, हे स्की टाकून देण्याचे कारण नाही. पहिल्यावर गरम मेण आणि दुसऱ्यावर कानस व बारीक दगड हा साधा उपाय आहे. कड बोथट झाल्यामुळे कडक बर्फावर घसरणारी स्की ‘जुनी झाली’ म्हणून बाजूला टाकणारे लोक पुष्कळ असतात; धार लावल्यावर तीच स्की आणखी दोन हंगाम चालते. वारंवार कानस मारून पोलादी कडच अगदी पातळ उरली असेल, तर मात्र तिला निरोप द्यावा.

स्कीपेक्षाही अधिक गांभीर्याने पाहायच्या गोष्टी म्हणजे बाइंडिंग आणि बूट. पडताना पाय पिळवटला तर बाइंडिंगने बूट सोडायचा असतो आणि एरवी तो घट्ट धरून ठेवायचा असतो. गुडघ्याचे अस्थिबंध आणि नडगीचे हाड यांची सुरक्षितता या एका यंत्रावर अवलंबून असते. त्यातील स्प्रिंग, वंगण आणि प्लॅस्टिकचे भाग वयानुसार खराब होतात. कंपन्या ठरावीक काळापर्यंतच्याच बाइंडिंगची जबाबदारी घेतात आणि त्यांची यादी काढतात; त्या यादीतून बाहेर गेलेले बाइंडिंग परदेशातील अनेक दुकाने तपासायलाही घेत नाहीत. म्हणून जुने बाइंडिंग काढून नव्या स्कीवर बसवण्याची काटकसर मला अजिबात मान्य नाही.

बुटाचेही तसेच आहे. बहुतेक स्कीबुटांचे कवच पॉलियुरेथेन जातीच्या प्लॅस्टिकचे असते, आणि उष्णता व दमटपणा यांत त्याचे रासायनिक विघटन होत जाते. बाहेरून धड दिसणारा बूट एखाद्या थंड सकाळी उतारावरच तडकतो. शिवाय बुटाच्या तळव्याचा आकार अलीकडे बदलला आहे. पूर्वीचे अल्पाइन बूट सपाट, कडक तळव्याचे असत आणि ते आयएसओ ५३५५ या मानकाप्रमाणे बनत. आता अनेक बूट चालायला सोपे जावे म्हणून किंचित गोलाई असलेल्या, रबर लावलेल्या ग्रिपवॉक तळव्याचे येतात आणि त्यांना ग्रिपवॉक चालेल असे स्पष्ट लिहिलेले बाइंडिंगच लागते. बूट जुन्या बाइंडिंगमध्ये ‘बसतो’ म्हणजे तो योग्य वेळी सुटेलच असे नाही. पैसे मर्यादित असतील आणि स्की किंवा बूट यांतून एकच घ्यायचे असेल, तर मी निःसंशय बूट आधी घ्यायला सांगेन. पायाची हालचाल स्कीपर्यंत बुटातूनच जाते; सैल बुटात सर्वोत्तम स्कीही बेताल वागते. बूट मात्र पायात घालून, थांबून, गुडघे पुढे वाकवूनच घ्यावा, कारण पावलाची लांबी तीच असूनही पंजाची रुंदी आणि घोट्याची ठेवण प्रत्येकाची निराळी असते.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे स्कीकडे वळू. ऑल-माउंटन हे नाव सांगते त्याप्रमाणे ही स्की डोंगरावरील सर्व प्रकारच्या बर्फावर चालावी अशी अपेक्षा असते: यंत्राने दाबून सपाट केलेला उतार, रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ, दुपारी वितळून पहाटे गोठलेला कडक थर आणि अनेकांच्या वळणांनी तयार झालेले उंचवटे. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी ती त्या कामासाठीच बनवलेल्या स्कीइतकी चांगली नसते. ती एक तडजोड आहे, आणि तडजोड कुठल्या बाजूला झुकवायची हे मुख्यतः कंबरेच्या रुंदीवरून ठरते.

मृग बरसल्यावर आपल्या काळ्या कसदार जमिनीत बैलगाडीचे अरुंद लोखंडी धावेचे चाक रुतते आणि त्याच शेतातून ट्रॅक्टरचे रुंद टायर वरच्या वर जाते. मऊ बर्फात अरुंद आणि रुंद स्कीमध्ये नेमका हाच फरक असतो. वजन तेवढेच, पण ते जास्त क्षेत्रफळावर पसरले की बुडणे कमी होते. म्हणून खोल बर्फासाठी कंबर रुंद हवी. परंतु कडक बर्फावर हीच रुंदी आड येते. तिथे स्की कडेवर उभी करून कापत न्यायची असते, आणि कंबर रुंद असली की कड पायाच्या मध्यरेषेपासून दूर जाते. तिला कलवायला जास्त जोर लागतो, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला अधिक वेळ लागतो आणि दिवसाअखेर त्याचा ताण गुडघ्यांना जाणवतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ७० ते ७८ मिमी कंबरेची स्की ऑल-माउंटन म्हणून विकली जात असे. आज त्याच नावाखाली साधारण ८० ते १०० मिमीच्या स्की येतात, आणि त्यापुढच्या रुंद स्की प्रामुख्याने मऊ बर्फासाठी असतात. म्हणजे जुनी ७२ची स्की बदलून दुकानदाराच्या सांगण्यावरून थेट १०० मिमीची घेतली, तर नाव तेच राहूनही हातात पूर्णपणे वेगळे साधन येते.

मग रुंदी किती घ्यावी? इथे स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेतो. वरच्या भागात दाबून तयार केलेले मार्ग फारसे नाहीत, आणि तिथला मोठा लौकिक चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत पडणाऱ्या कोरड्या, हलक्या बर्फाचा आहे. जो स्कीपटू जानेवारी-फेब्रुवारीत जातो आणि बहुतेक वेळ वरच घालवतो, त्याने ९५ ते १०० मिमीच्या आसपास पाहावे. औलीचे चित्र वेगळे आहे. तिथे तयार उतारावरचे स्कीइंग अधिक होते, त्यामुळे ८० ते ८८ मिमी पुरेसे आहे. गुलमर्गला जाऊनही पहिल्या टप्प्याखालीच सराव करणाऱ्याला, किंवा शाळेच्या सुट्ट्या आणि रजा जुळवत मार्चमध्ये पोहोचणाऱ्याला, सकाळी गोठलेला आणि दुपारी ओला बर्फ जास्त भेटतो. त्यानेही ९०च्या आतबाहेर राहावे. हिमवर्षावाचा भरवसा नसतो. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिनाअखेरपर्यंत जवळजवळ उघडे होते. ज्या दिवसाची स्वप्ने पडतात त्या दिवसासाठी नव्हे, तर जे दिवस प्रत्यक्षात वाट्याला येतात त्यांच्यासाठी स्की घ्यावी. वर्षातून आठवडा-दहा दिवस बर्फावर जाणाऱ्या बहुसंख्य लोकांसाठी ८८ ते ९५ मिमी हा पट्टा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. रुंद स्की घेतली म्हणून अफरवटचे मोकळे उतार सुरक्षित होत नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. त्या भागात जाताना अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधण्याचे रेडिओ यंत्र), पाठीवर फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), सोबत जाणकार वाटाड्या आणि त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा वाचलेला असणे आवश्यक आहे. या साहित्यासाठी पैसे उरत नसतील, तर स्की स्वस्तातली घ्यावी आणि हे साहित्य आधी घ्यावे.

रुंदीनंतर स्कीचा बाजूने दिसणारा आकार येतो, आणि जुन्या जोडीच्या मालकाला सर्वांत नवे वाटते ते हेच. जुनी स्की जमिनीवर ठेवली तर मध्यभाग थोडा वर उचललेला असतो आणि दोन्ही टोकांजवळ ती टेकते. याला कॅम्बर म्हणतात. वर उभे राहिल्यावर हा बाक सपाट होतो आणि दाब कडेच्या पूर्ण लांबीवर पसरतो, त्यामुळे कडक बर्फावर पकड मिळते. रॉकर म्हणजे याच्या उलट, टोकाकडचा भाग आधीपासूनच वर वळलेला असणे. सन २००२च्या सुमारास स्कीपटू शेन मकॉन्कीच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने स्पॅच्युला नावाची स्की आणली. तिला कॅम्बर उलटा होता, खोल बर्फात ती बुडण्याऐवजी तरंगत असे, आणि तिथून हा विचार सर्वत्र पसरला. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कींमध्ये दोन्हींचा मेळ असतो: पुढे रॉकर, पायाखाली कॅम्बर आणि मागे थोडा रॉकर किंवा सपाट टोक. पुढचा रॉकर वळणाची सुरुवात सोपी करतो आणि टोक बर्फात घुसू देत नाही. मागचा रॉकर जितका जास्त, तितकी स्की आडवी सरकवायला सोपी. पण वळणाच्या शेवटी पकड तितकी कमी. कडक बर्फावर भीती वाटते अशी तक्रार कागदावर लिहिलेली असेल, तर मागे रॉकर जवळजवळ नसलेली स्की शोधावी. उंचवट्यांत आणि झाडांमध्ये स्की वेळेवर वळत नाही अशी तक्रार असेल, तर थोडा मागचा रॉकर उपयोगी पडेल.

लांबी ठरवताना याच आकाराचा विचार करावा लागतो. रॉकर असलेल्या स्कीची टोके कडक बर्फाला लागत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष काम करणारी कड छापील लांबीपेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे जुनी १७० सेमीची पूर्ण कॅम्बरची स्की वापरणाऱ्याला नवी १७२ ते १७५ची रॉकर असलेली स्की बहुधा तेवढीच लांब वाटते. ढोबळ मर्यादा हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतची धरावी: नवख्याने हनुवटी ते नाक, मध्यम स्कीपटूने नाक ते कपाळ, आणि वेगाने जाणाऱ्या कसलेल्या माणसाने डोक्याइतकी किंवा किंचित अधिक. वजन जास्त असल्यास थोडे वर सरकावे, कमी असल्यास खाली. मात्र जुनी जोडी १९९०च्या दशकाच्या आधीची, जवळजवळ सरळ आणि दोनशे सेंटिमीटरच्या घरातली असेल, तर तिच्या लांबीची तुलना करूच नये. १९९३च्या सुमारास इलान कंपनीच्या एससीएक्स या स्कीपासून खोल साइडकटच्या, म्हणजे टोकांपेक्षा कंबर बरीच अरुंद असलेल्या, स्की आल्या, आणि त्यानंतर लांबीचे सगळे गणितच बदलले.

त्रिज्येबद्दल फार डोके शिणवू नये. ऑल-माउंटन स्कीमध्ये ती साधारण १४ ते १९ मीटर असते. लहान त्रिज्या छोटी, चपळ वळणे देते आणि मोठी त्रिज्या लांब, स्थिर वळणे देते. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की कंपनी हा आकडा एका विशिष्ट लांबीसाठी छापते. त्याच मॉडेलच्या लहान मापात त्रिज्या सहसा कमी होते.

गाभ्याकडे मात्र लक्ष द्यावे. पॉपलर, बीच, अ‍ॅश आणि पॉलोनिया ही गाभ्यासाठी नेहमी वापरली जाणारी लाकडे आहेत. पॉलोनिया हलके असते, तर बीच आणि अ‍ॅश जड व कणखर असतात. यावर टायटॅनल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा असेल, तर स्की कडक बर्फावर थरथरत नाही आणि वेगात भरवसा देते. पण ती जड आणि ताठ होते, आणि संथ जाणाऱ्या किंवा हलक्या वजनाच्या माणसाला ती वाकवता येत नाही. न वाकणारी स्की वळत नाही, मग पाय तिला जबरदस्तीने ढकलतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मांड्या भरून येतात. धातूचे पूर्ण दोन पत्रे असलेली स्की ‘तज्ज्ञांसाठी’ म्हणून महाग विकली जाते. जो वर्षभर बर्फापासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर राहतो, त्याने धातू नसलेली किंवा केवळ पायाखाली धातूचा तुकडा असलेली स्की घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी पाय अजून सैल झालेले नसताना चुका पोटात घालणारी स्कीच खरी सोबत करते.

हे सारे एका उदाहरणात मांडतो. उंची १७२ सेमी, वजन ६८ किलो, मध्यम तयारी, वर्षातून एकदा फेब्रुवारीत गुलमर्ग. जुनी स्की १७०, कंबर ७२, पूर्ण कॅम्बर. आणि तक्रार एकच, की ताज्या बर्फात टोके बुडतात आणि तोल जातो. इथे लांबी १७० ते १७४ ठेवावी, कंबर ९० ते ९४ घ्यावी, पुढे स्पष्ट आणि मागे अल्प रॉकर असावा, त्रिज्या १६ मीटरच्या आसपास आणि धातू शक्यतो नसावा. तक्रार बुडण्याची आहे, म्हणून रुंदी आणि पुढचा आकार एवढेच बदलले. लांबी आणि वळणाचा स्वभाव ओळखीचा राहिला.

खरेदीआधी गुलमर्गला दोन दिवस अशाच मापाची स्की भाड्याने घेऊन पाहावी. तेच मॉडेल मिळाले नाही तरी चालेल. ९२ आणि १०० मिमीमधला फरक पायांना कळला की पडद्यावरचे आकडे जिवंत होतात. घरचे कोणी युरोपात असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपताना तिथे किमती उतरतात, आणि मागील वर्षाच्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा वरच्या चित्राखेरीज काहीच वेगळे नसते. भारतात मागवताना आयात शुल्क आणि लांब सामानाचे विमानभाडे धरूनच किमतीची तुलना करावी.

स्कीबरोबर बाइंडिंग येते की वेगळे घ्यावे लागते, हे विचारून घ्यावे. वेगळे घेताना बूट सुटल्यावर स्कीला थांबवणाऱ्या ब्रेकची रुंदी कंबरेइतकी किंवा १० ते १५ मिमीपर्यंत जास्त असावी. कमी असल्यास ब्रेक खाली उतरत नाही आणि फार जास्त असल्यास कलताना बर्फाला लागतो. बाइंडिंग बसवून घेण्यासाठी स्वतःचे बूट सोबत न्यावेत, कारण छिद्रांची जागा आणि बाइंडिंगचा बुटावरचा पुढचा दाब बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ठरतो. सुटण्याच्या ताकदीचा आकडा, ज्याला डीआयएन म्हणतात, तो वजन, उंची, तळव्याची लांबी, वय आणि स्कीइंगचा प्रकार या पाच गोष्टींवरून तक्त्यातून काढतात. वयाची ५० वर्षे झालेल्यांसाठी तो एक पायरी खाली घेतात. जुन्या जोडीवरचा आकडा पाहून तोच नव्यावर फिरवू नये, आणि मित्राचा आकडा मोठा आहे म्हणून आपलाही वाढवू नये. दुकानदाराला वय आणि वजन खरे सांगावे. तंत्रज्ञाने तपासणी करून दिल्यावर पहिला अर्धा दिवस खालच्या सोप्या उतारांवर घालवावा, दोन्ही बूट बाइंडिंगमध्ये नीट बसतात आणि सुटतात याची खात्री करावी, आणि त्यानंतरच दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढावे.